कुंडीतला दाइम्यो, बांधावरचा देशमुख

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे ऊन पाण्याने शेकून, त्यांवर हळद-तुपाचा हात फिरवून, उद्याच्या जेवणाचे आवतण त्यांच्या कानाशी सांगण्याचा जो संध्याकाळचा विधी वऱ्हाडात घरोघर होतो, त्याच्या जरा आधी, बाळापूर परगण्यातील एका गढीच्या ओसरीवर दोन वृद्ध स्नेह्यांचा वाद ऐकण्याचा योग मला आला. गढी म्हणावी असे तेथे आता फारसे उरलेले नाही. पांढऱ्या मातीच्या चार बुरुजांपैकी तीन पावसाळ्यागणिक खचत खचत उकिरड्याच्या उंचीला आले आहेत, आणि चौथ्याच्या माथ्यावर उगवलेल्या निंबाने आपल्या मुळांनी माती आवळून धरली आहे म्हणूनच केवळ तो उभा आहे. घरधनी बापूसाहेब हे त्या परगण्याच्या जुन्या देशमुख घराण्यातले. पाहुणे म्हणजे अमरावतीच्या एका हायस्कुलात तीस वर्षे इतिहास शिकवून निवृत्त झालेले मास्तर. दोघे अकोल्यास एका बाकावर शिकलेले, आणि तेव्हापासून एकमेकांचे म्हणणे खोडून काढण्यातच एकमेकांवरील लोभ व्यक्त करण्याची त्यांना सवय जडलेली.

वादाला निमित्त झाले ते भाताचे. आमच्या काळ्या, चिकण, पावसात वाटसरूचा पाय धरून ठेवणाऱ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस हीच खरी दैवते. भाताचे येथे कौतुक नाही. परंतु पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख दिल्लीस कृषिमंत्री झाले आणि १९५३ साली जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोहीम त्यांनी देशभर सुरू केली, तेव्हापासून ज्याने जन्मात भाताचे रोप पाहिले नाही असा वऱ्हाडी मनुष्यही जपानविषयी अधिकाराने बोलू लागला आहे.

"मास्तर," बापूसाहेब अडकित्ता चालवीत म्हणाले, "भात त्या लोकांकडून शिकावा लागला, यात मला उणेपणा वाटत नाही. मात्र त्यांच्याकडेही आमच्यासारखे देशमुख होते हे मला परवा एका मासिकातले चित्र पाहून कळले. शिंगांचे शिरस्त्राण, कमरेला दोन तलवारी, मागे चाकरमाणसांची रांग. मला आमच्या खापरपणजोबांचीच आठवण झाली."

"आपल्या खापरपणजोबांच्या डोक्यावर शिंगे नव्हती, पागोटे होते, आणि कमरेला तलवारीपेक्षा कलमदानच अधिक वेळा असे. आपण चित्रात पाहिला तो दाइम्यो. त्याची आणि देशमुखाची सोयरीक जमायची नाही."

"का जमू नये?"

मास्तरांनी चष्मा पुसला. ही त्यांची वर्गातली लकब अद्याप गेलेली नाही. "दाइम्योची थोरवी तांदळात मोजत. एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, आपल्या हिशेबाने सुमारे चार मण. ज्याच्या प्रांताची आकारणी दहा हजार कोकु किंवा त्याहून अधिक तो दाइम्यो. खाली असला तर नुसता सामुराई. असे अडीचशेच्या वर दाइम्यो त्या देशात होते, आणि त्यांच्यातला सर्वांत बडा, कागा प्रांताचा माएदा, हा दहा लाखांहून अधिक कोकुंचा धनी होता. प्रत्येकाची स्वतःची फौज, स्वतःचे कारभारी, स्वतःचा न्याय. देशमुख हा सरकार आणि रयत यांच्यामधला वसुलीचा वतनदार. त्याला शेकडा रुसूम, इनामाची जमीन, चांभाराकडून जोडा आणि तेल्याकडून तेल. आपल्याला मी लहान करतो आहे असे समजू नका."

"लहानच करता आहात, पण करा. लहानाचे एक सुख असते, ते पुढे सांगेन."

मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. "आणि त्या मोठ्यांचे दुःख ऐका. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावा इएयासू विजयी झाला आणि त्याच्या घराण्यातल्या शोगुनांनी, म्हणजे सेनापती-राज्यकर्त्यांनी, पुढे अडीच शतकांहून अधिक काळ ह्या अडीचशे वाघांना जी वेसण घातली, तिला तोड नाही. १६१५ साली हुकूम निघाला की प्रत्येकाने आपला एकच किल्ला ठेवावा, बाकीचे पाडावे. जो ठेवला त्याच्या भिंतीचा ढासळलेला दगड पुन्हा बसवायचा तरी एदोस, म्हणजे आजच्या टोकियोस, अर्ज करून परवानगी आणायची. आपल्या बुरुजांच्या दुरुस्तीला कोणी आडकाठी केली होती काय?"

"पैशाने केली," बापूसाहेब म्हणाले.

"१६३५ सालापासून दुसरा कायदा पक्का झाला. दाइम्योने एक वर्ष आपल्या प्रांतात राहावे आणि एक वर्ष एदोत, शोगुनच्या नजरेखाली. आणि तो प्रांतात असो वा नसो, त्याची पट्टराणी आणि वारस मुलगा मात्र सदैव एदोतच. ह्याला ओलीस म्हणायचे नाही, दरबारची सेवा म्हणायचे. एदोत असताना महिन्याच्या पहिल्या, पंधराव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ठरावीक पोषाख करून किल्ल्यात जायचे, आपल्या दर्जाला नेमून दिलेल्या दालनात नेमून दिलेल्या चटईवर बसायचे, वेळ आली की कपाळ जमिनीला टेकवायचे आणि परत यायचे. कोणत्या दालनात बसायला मिळते, आत शिरताना पालखी कोणत्या फाटकाशी सोडावी लागते, बरोबर किती भाले नेता येतात, ह्यांवर त्या पुरुषाचे सगळे आयुष्य खर्ची पडे. तलवार उपसण्याचा प्रसंग बहुतेकांना जन्मात आला नाही."

मास्तर हे सांगत असताना त्यांचा स्वर किंचित वर चढला होता, आणि मला वाटले, दाइम्योची कीव करता करता ते त्याच्या शिस्तीवर मनातून भाळले आहेत. शिक्षकी पेशाचा तो दोष आहे. वेळेवर हजर राहणारा कोणीही त्यांना आवडतो.

"आणि तो प्रवास! कागाचा माएदा कानाझावाहून निघाला की एदोपर्यंतचे सुमारे ३०० मैल, म्हणजे आपल्या अकोल्याहून पायी पुणे गाठावे तितके अंतर, बाराएक दिवसांत तोडीत असे. आणि भरभराटीच्या काळात त्याच्या बरोबर चार हजारपर्यंत माणसे असत. पुढे 'खाली, खाली' असे ओरडणारे चोपदार, मग भालेकरी, बंदूकवाले, पेटारे वाहणारे, मध्ये पालखी, मागे घोडे आणि स्वयंपाकी. रस्त्याकडेची रयत गुडघे टेकून बसे. मुक्कामाची घरे आधी ठरलेली, आणि दोन दाइम्यो एका दिवशी एका गावी येऊ नयेत म्हणून कारभाऱ्यांची पत्रापत्री महिनोन् महिने चाललेली. पालखीतल्या त्या माणसाला आपल्या प्रांतातले गाव किती दिसले असेल? पडद्याच्या फटीतून दिसेल तेवढे."

आतून आत्याबाई, बापूसाहेबांच्या वडील भगिनी, हळदीची वाटी घेऊन आल्या होत्या आणि उंबऱ्याशीच थांबल्या होत्या. त्यांनी सगळ्या इतिहासातला एकच धागा उचलला.

"अन् त्या बाईले माहेरी जायाचं असलं त?"

"नाही जाता येत, आत्याबाई. हाकोने नावाच्या घाटात चौकी होती. तेथे दोन गोष्टींची झडती कसून होई: एदोकडे येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर जाणाऱ्या बायका. दाइम्योची बायको निसटली की बंड होणार, असा त्यांचा हिशेब. तपासायला चौकीवर बायकाच ठेवलेल्या. केसांच्या अंबाड्यापर्यंत पाहत."

"मंग तो कायचा राजा," असे म्हणून आत्याबाई गोठ्याकडे वळल्या.

"आमच्या ताईने निकाल दिला," बापूसाहेब हसले, "तरी मी माझे म्हणणे मांडतो. मास्तर, दाइम्योला शोगुन एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात बदलीही करू शकत असे, नाही का?"

"सर्रास. आज येथे, तर उद्या दोनशे मैलांवर, सगळ्या चाकरांसकट. जपानी लोकच त्यांना कुंडीतल्या झाडांचे दाइम्यो म्हणत."

"हेच. हेच मला हवे होते." बापूसाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "कुंडीतले झाड! ते कितीही मोठे असले तरी माळ्याच्या हातातले. आता आमच्याकडे पाहा. ह्या वऱ्हाडावर इमादशाही झाली, १५७४ साली ती बुडून निजामशाही आली, १५९६ साली चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले, १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखान पडला आणि निजाम धनी झाला; मग निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली, एकाच गावात दोघांचे अंमलदार, एकाच खळ्यावर दोघांचे शिपाई; आणि १८५३ साली इंग्रज. इतके धनी आले आणि गेले. प्रत्येकाने आल्याबरोबर पहिला प्रश्न कोणता विचारला? देशमुख कोण आणि देशपांड्या कोण, त्यांना बोलवा. कारण कोणत्या शेताची कोणती बांध-शीव, कोणता कुणबी परागंदा झाला, कोणत्या विहिरीचे पाणी आटले, हे दिल्लीला ठाऊक नव्हते, हैदराबादला नव्हते, नागपूरला नव्हते. ते ह्या ओसरीला ठाऊक होते. आम्हाला कोणी बदली करू शकला नाही. आम्ही बांधावरची झाडे. मघाशी म्हटले ते लहानाचे सुख हेच."

"मुळे होती, हे मान्य. पण त्या मुळांनी काय धरून ठेवले? १८०३ सालच्या १५ डिसेंबरला गाविलगडावर इंग्रजांच्या वेलस्लीने हल्ला चढविला तेव्हा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्या दिवशी आपले पूर्वज कोठे होते?"

बापूसाहेबांनी उत्तराला वेळ लावला नाही. "येथेच. हिशेब लिहीत. दोन दिवसांनी देवगावचा तह होऊन वसुली कोणाच्या नावे करायची ते कळणार होते."

हे उत्तर इतके निर्मळ होते की मास्तरही हसले. परंतु ते वाद सोडणाऱ्यांपैकी नव्हेत. "मग आपल्यातच जे मोठे झाले त्यांचे काय झाले, तेही सांगा. सिंदखेडचे लखुजी जाधवराव तर आपल्याच जातीचे वतनदार, सिंदखेडची देशमुखी त्यांची. ते ओसरी सोडून दरबारात गेले, निजामशाहीतून मोगलांकडे आणि मोगलांकडून परत निजामशाहीत आले, आणि १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात भर दरबारी मुलांनातवांसह मारले गेले. सेकिगाहाराला ऐन लढाईत बाजू बदलणारा कोबायाकावा आणि आपले मनसबदार यांच्यात मला तरी फारसे अंतर दिसत नाही. म्हणजे देशमुख मोठा झाला की दाइम्यो होतो आणि दाइम्योचेच दैव भोगतो."

"म्हणूनच शहाण्याने मोठे होऊ नये," बापूसाहेब म्हणाले. "लखुजीराव मोठे झाले म्हणून त्यांची समाधी पाहायला लोक येतात आणि त्यांच्या लेकीच्या पोटी शिवाजीमहाराज जन्मले, ते आपण ओवाळून घ्यावे असेच आहे. पण वतन टिकते ते लहानपणानेच."

येथपर्यंत बाजू सारखी चालली होती. पुढे कर्जाचा विषय निघाला आणि दोघांचेही बोलणे थोडे जपून होऊ लागले. कारण वऱ्हाडात कर्ज हा शब्द कोणाच्याही घरी उच्चारला तरी तेथील एखादा तरी कागद आपोआप सळसळतो.

मास्तर सांगू लागले, "दाइम्योचे उत्पन्न तांदळात आणि खर्च रोकडीत. वसुलाचे तोंडी प्रमाण चार हिस्से धन्याचे, सहा रयतेचे. प्रत्यक्षात रयतेच्या सहांतलेही काही जाई. तो तांदूळ ओसाकाच्या वखारीत जायचा, तेथले व्यापारी तो विकून पैसे एदोस पाठवायचे, आणि पुढे पुढे तर उभ्या पिकावरच नव्हे, न पेरलेल्या पिकावरही उचल देऊ लागले. तलवारवाला सरदार, आणि त्याच्या पोटाची किल्ली ज्याला दोन तलवारी लावायचा अधिकार नाही अशा वाण्याच्या कमरेला! कधी कधी सरकार वाण्यालाच लुबाडी. योदोया नावाची ओसाकाची गडगंज पेढी १७०५ साली, पायरी सोडून ऐषआराम केला एवढ्या ठपक्यावरून, समूळ जप्त झाली. पण खरा मासला सात्सुमाचा. त्या संस्थानाला पन्नास लाख र्यो, म्हणजे तितक्या सोन्याच्या नाण्यांचे, कर्ज झाले होते. १८३५ च्या सुमारास तिथल्या कारभाऱ्याने सावकारांना कळविले, की मुद्दल बुडवीत नाही, फक्त व्याज देणार नाही आणि मुद्दल २५० वर्षांच्या हप्त्यांनी फेडू."

"२५० वर्षे!" बापूसाहेबांना ही कल्पना फार आवडली. "आमच्या सावकारांना हे कोणी सुचविले नाही."

"३६ वर्षांत संस्थानच खालसा झाले. आणि आपण हसू नका. त्याच वेळी येथे काय चालले होते? पूरणमल सावकाराकडे वऱ्हाडचा वसूल, त्याला काढले तेव्हा पेस्तनजीच्या पेढीकडे. निजामाने उचल घ्यावी आणि पेस्तनजीने आमच्या परगण्यांतून ती वसूल करावी."

"पेस्तनजींना नावे ठेवू नका. १८२५-२६ साली वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईस नेला तो त्यांनीच. त्या वाटेवर पुढे आगगाडी आली."

"नेला, खरेच. पण शेवटी तर परगणेच काय, सगळा वऱ्हाडच गहाण पडला. निजामाकडून कंटिंजंट फौजेचा पगार थकला म्हणून १८५३ साली त्याने तो इंग्रजांच्या हवाली केला, आणि १९०२ साली वर्षाकाठी २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा करून दिला. जो प्रांत असा हातोहात फिरला त्यातल्या देशमुखाने आपण कुंडीत नव्हतो असे कोणत्या तोंडाने म्हणावे? झाड नसेल हलले. शेत विकले गेले."

बापूसाहेब काही वेळ बोलले नाहीत. गोठ्यातून आत्याबाईंचा आवाज येत होता. त्या बैलाला त्याच्या नावाने रागे भरत होत्या. मग ते म्हणाले, "प्रांत गहाण पडो, वसूल गहाण पडो. तुमच्या दाइम्योने आपली अब्रूच वाण्याकडे ठेवली. आम्ही मान गहाण टाकला नाही. पोळ्याचे तोरण आजतागायत आमच्या बैलाआधी कोणाचा बैल ओलांडीत नाही. हा मान आम्हाला कागदाने मिळालेला आहे."

"मानासाठी मरणारे तेथेही होते. १७०१ साली आको प्रांताच्या आसानो नावाच्या तरुण दाइम्योने, दरबारी रीतिरिवाज शिकविणाऱ्या अधिकाऱ्यावर एदोच्या किल्ल्यातच शस्त्र उपसले. त्याच दिवशी त्याला पोट चिरून मरावे लागले, संस्थान जप्त झाले, आणि पुढे दोन वर्षांच्या आत त्याच्या ४७ चाकरांनी त्या अधिकाऱ्याचे मुंडके आणून धन्याच्या थडग्यावर ठेवले. आपल्याकडे तोरणावरून डोकी फुटतात, तीही त्याच मासल्याची. परंतु बापूसाहेब, माझा मुद्दा निराळा आहे. दाइम्योंनी आपापल्या प्रांतात शाळा काढल्या. शेवटी शेवटी अशा दोनशेहून अधिक झाल्या. १८६९ साली त्यांनी जमिनीची आणि रयतेची दफ्तरे बादशहाच्या स्वाधीन केली, उत्पन्नाचा दहावा हिस्सा घरखर्चास ठेवून घेतला. १८७१ साली संस्थानेच नाहीशी झाली, १८७६ साली तलवार लावण्याची बंदी आली. आणि ह्या उलथापालथीतून जो नवा देश उभा राहिला तो त्या शाळांतल्या पोरांनी चालविला. इंग्रजांनी पैमाईश करून खातेदाराशी थेट व्यवहार सुरू केला तेव्हा आपले काम गेले, हातात रोख रुसूम उरला. त्या रुसुमाची एक तरी शाळा दाखवा."

"शिवाजी शिक्षण संस्था. अमरावती. १९३२. काढणाऱ्याचे आडनाव देशमुख."

"आडनाव देशमुख, पण काम देशमुखीचे नव्हे! घराणे मुळात कदमांचे. मनुष्य विलायतेस जाऊन बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन आला, आणि १९२७ साली अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना उघडावे म्हणून त्याने सत्याग्रह मांडला. देवळात आधी कोणी शिरावे ह्याच मानपानावर ज्यांची देशमुखी उभी होती त्यांच्या विरुद्ध तो उभा राहिला."

"आणि तरी त्याने आडनाव टाकले नाही," बापूसाहेब शांतपणे म्हणाले.

माझ्या मते हा डाव त्यांचा झाला. मास्तरांना तो पटला की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण तेवढ्यात गडी अंगणात येऊन उभा राहिला.

"मालक, उद्या जोडी कुठी उभी करू जी? पंचायतीचे लोक म्हंतात, यंदा जो पयले येईन तो पयले."

१९५१ सालच्या ३१ मार्चला जहागिरी, इजारे आणि पालमपट गावे सरकारजमा झाली तेव्हा बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर काय उमटले होते ते मी पाहिलेले नाही. परंतु ह्या वेळी पाहिले. ते न बोलता आत गेले आणि लाल खारव्याचा एक रुमाल, म्हणजे दफ्तराचे गाठोडे, घेऊन आले. गाठ त्यांना सुटेना, ती मी सोडली. आत मोडीतले कागद, बहुतेक पिवळे, काही कडांशी कुरतडलेले. त्यांतून त्यांनी नेमका एक काढला, कारण तो इतरांपेक्षा जाड होता आणि त्यावर तीन शिक्के होते.

"मोडी मला आता दिसत नाही," ते म्हणाले. "वडिलांनी हाच कागद मानाचा म्हणून दाखविला होता. वाचा, मास्तर. पंचायतीच्या माणसाला ऐकू जाईल असे वाचा."

मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला. वरचा मायना, सन, परगण्याचे नाव, साक्षीदारांत पाटील आणि पांड्या, सगळे त्यांनी खणखणीत आवाजात वाचले. पोळ्याचे तोरण प्रथम ओलांडण्याचा मान देशमुखाचा, हेही वाचले. बापूसाहेबांनी गड्याकडे पाहिले. पुढच्या ओळीशी मास्तरांचा आवाज अडखळला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो आणि मोडी मला थोडे येते. बियाण्यासाठी घेतलेल्या रकमेचा आकडा होता, मुदत होती, आणि रक्कम फिटेपर्यंत सदर मान सावकाराकडे तारण राहील असे स्वच्छ, वळणदार अक्षरांत लिहिलेले होते.

"पुढे?" बापूसाहेबांनी विचारले.

"पुढे वाळवी लागली आहे," मास्तर म्हणाले, आणि कागदाची घडी घालून तो त्यांनी स्वतःच्या हाताने रुमालात, सर्वांच्या खाली, ठेवला.

गडी अजून उभाच होता. बापूसाहेबांनी त्याला सांगितले की जोडी लवकर धुऊन तयार ठेव, पहाटेच निघू. आणि हळदीची वाटी मागून घेऊन ते गोठ्याकडे गेले.